ओव्हाळसाहेबांच्या लसीची मुदत

दंडात सुई गेली, बाहेर आली, त्यावर कापसाचा बोळा दाबला गेला, आणि धम्मरत्न ओव्हाळांनी शर्टाची बाही खाली करता करता विचारलं, "मुदत किती?"

डॉक्टर निशिगंधांना वाटलं, बोळा किती वेळ दाबून धरायचा ते विचारताहेत. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं."

"पाच मिनिटं?" ओव्हाळ खुर्चीतून अर्धे उठले. "पाच मिनिटांच्या संरक्षणासाठी मी पुनावळ्याहून पिंपरीला आलो?"

गैरसमज दूर झाला. पण खरं उत्तर ऐकून ओव्हाळांना वाटलं, त्यापेक्षा पाच मिनिटं बरी होती. डॉक्टर म्हणाल्या, "काका, न्यूमोनियाची ही लस निरोगी माणसात बरीच वर्षं काम करते. तुमच्यासारख्या संधिवाताच्या पेशंटमध्ये, आणि तेही तुम्ही घेता त्या गोळीवर, नेमकी किती टिकते याचे अभ्यास चालू आहेत. कुणात जास्त टिकते, कुणात लवकर उतरते. तारीख मी नाही सांगू शकत."

हे वाक्य डॉक्टरांनी दुसऱ्या कुणालाही ऐकवलं असतं तर चाललं असतं. ओव्हाळांनी चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासली होती. त्यांच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक उपकरणावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे: तपासलं कधी, पुढे तपासायचं कधी. ज्याच्यावर पुढची तारीख नाही ते लाल रॅकमध्ये. मग ते जर्मनीहून आलेलं असो नाहीतर खुद्द मॅनेजरच्या टेबलावरचं. आणि आज, निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, त्यांच्या स्वतःच्या दंडात एक वस्तू बसवण्यात आली होती आणि तिला पुढची तारीख नव्हती.

आजार त्यांना नीट समजलेला होता. ते स्वतःच सगळ्यांना समजावून सांगत. "शरीर म्हणजे कंपनी. गेटवर सिक्युरिटी. माझी सिक्युरिटी बाहेरच्या चोरांना सोडून आतल्याच कामगारांना बडवते, म्हणून सांधे सुजतात. मग आठवड्यातून एकदा, सोमवारी, गोळी देऊन सिक्युरिटीला जरा गप्प बसवायचं. आणि लस म्हणजे त्याच पेंगुळलेल्या सिक्युरिटीला चोराचा फोटो दाखवायचा. प्रश्न एवढाच, की तो फोटो त्यांच्या लक्षात किती दिवस राहतो?"

प्रश्न नुसता ज्ञानाचा असता तर कुणाची हरकत नव्हती. पण ओव्हाळांच्या मुलीचं, दिव्याचं लग्न ठरलं होतं. दिव्या माणच्या बाजूला आयटीत कामाला होती. नवरा मुलगा सनी भालेराव, चाकणला एका मोटारकंपनीच्या पेंटशॉपमध्ये. साखरपुडा दिवाळीत झाला होता, आता फक्त तारीख काढायची बाकी होती. लग्न म्हणजे पाचशे माणूस. पाचशे माणूस म्हणजे हजार फुप्फुसं. आणि गेल्या पावसाळ्यात ओव्हाळांनी न्यूमोनियापायी अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले होते. तेव्हा लसीचं संरक्षण अमुक तारखेपर्यंत आहे हे कळल्याशिवाय लग्नाची तारीख काढणं त्यांना अशास्त्रीय वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा आम्रपालीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं.

"अहो, आपल्यात बापजन्मी कुणी मुहूर्त बघितला नाही. माझं-तुमचं लग्न भर दुपारी, ट्रक पंक्चर झाला म्हणून दोन तास उशिरा लागलं. आणि आता तुम्ही सुईचा मुहूर्त बघणार?"

"हा मुहूर्त नाही. ही मुदत आहे."

"भालेरावांना काय सांगू? नवऱ्या मुलीचा बाप एक्स्पायरी बघतोय?"

"त्यांना सांग, तांत्रिक कारणास्तव थोडा वेळ लागतोय," ओव्हाळ म्हणाले आणि कामाला लागले. आत्मविश्वास ही गोष्ट त्यांच्याकडे कधीच कमी पडली नव्हती.

पहिलं पाऊल म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 'संधिवाताच्या रुग्णास दिलेल्या लसीच्या संरक्षणाचा कालावधी दिवसांत कळवावा.' दिवसांत हा शब्द त्यांनी अधोरेखित केला. वास्तविक असला प्रश्न सरकारला विचारायचा नसतो हे त्यांना अर्ज घेणाऱ्या कारकुनाने सांगून पाहिलं. पण ओव्हाळांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मुकाट शिक्का मारला. सात दिवसांनी पत्र आलं. 'आपला अर्ज कलम सहा तीन अन्वये संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' ओव्हाळांनी ते पत्र शेजाऱ्यांना दाखवलं. पुढच्याच आठवड्यात फोन आला.

"ओव्हाळ का? लसीच्या मुदतीबद्दल अर्ज आहे तुमचा."

"होय, होय." ओव्हाळ ताठ बसले. त्यांनी हाताने खूण करून आम्रपालीबाईंना मिक्सर बंद करायला लावला.

"वय काय?"

"एकसष्ट."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "महिने?"

"वर्षं!"

"असं कसं होईल? बरं, जात सांगा."

ओव्हाळांची कानशिलं तापली. "जात? सरकारी कार्यालयातून फोन करून जात विचारता? कोणत्या जमान्यात आहात? तुमचं नाव सांगा, हुद्दा सांगा! मी हे प्रकरण वर नेतो!"

"अहो साहेब, चिडता काय? म्हैस मुऱ्हा आहे की गावठी, एवढंच विचारतोय. पशुसंवर्धनातून बोलतोय मी."

ओव्हाळांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला आणि शक्य तेवढ्या गांभीर्याने सांगितलं की लस त्यांनी स्वतः घेतली आहे. पलीकडचे अधिकारी भले निघाले. खूप वेळ हसले, मग माफी मागितली आणि जाता जाता म्हणाले, "जनावर असतं तर लगेच सांगितलं असतं बघा. लाळ-खुरकुताला दर सहा महिन्यांनी. वेळापत्रकच आहे आमचं."

हे जास्त लागलं. म्हशीला तारीख आहे. ज्यांनी दहा हजारांवर उपकरणं पास केली त्या धम्मरत्न ओव्हाळांना नाही.

दुसरं पाऊल स्वतः मोजण्याचं. सरकारला मोजता येत नसेल, डॉक्टरला मोजता येत नसेल, तर निदान आपण तर मोजणारेच आहोत! हा विचार त्यांना खरं तर अर्जाच्याही आधी सुचला होता. लस घेतल्यावर चौथ्या दिवशी ते एका खाजगी लॅबमध्ये जाऊन रक्तातली प्रतिकारद्रव्यं मोजून आले होते. आता सहा आठवडे झाल्यावर पुन्हा गेले. दोन आकडे हाती आले. ओव्हाळांनी आलेखाचा कागद काढला, दोन बिंदू मांडले, स्टीलची पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ जिथे तळाला टेकेल ती तारीख, असा साधा हिशोब.

रेघ वर गेली.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. सुलटा केला. रेघ वरच जात होती. पट्टी पुढे सरकवत नेली तर दोन वर्षांनी ती कागदाबाहेर गेली. टेबलावरून पुढे नेली असती तर शंभराव्या वर्षी ओव्हाळांना जगातला कुठलाच रोग शिवू शकला नसता. सायंकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळलं की ओव्हाळसाहेबांची लस उतरत नाही, चढते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर निशिगंधांनी फोनवर त्यांना खाली उतरवलं.

"काका, सुरुवातीला सगळ्यांचीच वाढते. चौथ्या दिवशी मोजलंत म्हणजे लस कामाला लागायच्या आधीच मोजलंत. पुढे ती उतरते. आणि या आकड्यांत अमुकच्या खाली गेलं की धोका आणि वर असलं की अभय, अशी रेघ अजून कुणी ओढलेली नाही. तुम्ही तर मुळीच ओढू नका."

इथपर्यंतचं नुकसान फक्त अभिमानाचं होतं. खरं संकट समोरच्या फ्लॅटमधून आलं. तिथे उद्धवराव राहत. मूळचे परभणीकडचे, इथल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, आणि आजाराच्या बाबतीत डॉक्टरांना मागे टाकणारे. त्यांनी ओव्हाळांकडून सिक्युरिटीचं सारं प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं, सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि म्हणाले, "साहेब, गोळी सिक्युरिटीला झोपविती. लस सिक्युरिटीला उठविती. व्हय ना?"

"होय."

"मंग एका हातानं झोपवायचं आन दुसऱ्या हातानं उठवायचं, हे काय करायलाव तुमी? गोळी बंद करा की राव! लस दुप्पट टिकल."

ओव्हाळांनी या युक्तिवादात चूक शोधली. त्यांना ती सापडली नाही. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता. माणसाला जे ऐकायचं असतं ते कुणी हिशोबात बसवून सांगितलं की बुद्धी बाजूला बसून टाळ्या वाजवते. त्या सोमवारी गोळी त्यांच्या तोंडाऐवजी शर्टाच्या खिशात गेली. पुढच्या सोमवारीही. तिसऱ्या सोमवारी त्यांना इतकं ताजंतवानं वाटलं की ते लिफ्ट सोडून जिन्याने वर आले आणि समोरच्या दारात जाऊन त्यांनी उद्धवरावांचे आभार मानले.

पाचव्या सोमवारी त्यांना टूथपेस्टचं झाकण फिरवता येईना.

बुधवारपर्यंत दोन्ही हातांची बोटं वांग्यांसारखी फुगली, गुडघे वाकेनात, आणि आम्रपालीबाईंना धुण्याच्या शर्टांच्या खिशांत विरघळलेल्या पिवळ्या गोळ्यांचे डाग सापडले. त्या काहीच बोलल्या नाहीत. ओव्हाळांच्या मते संसाराच्या पस्तीस वर्षांत ती सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

डॉक्टर मात्र बोलल्या. भरपूर बोलल्या. गोळी बंद करायची की नाही, केव्हा, किती दिवस, हे लसीलसीप्रमाणे आणि पेशंटप्रमाणे बदलतं, ते डॉक्टर ठरवतात, समोरच्या फ्लॅटमधले लोक नव्हेत. या लसीसाठी तर बंद करायची गरजच नव्हती. शेवटी थकून त्या म्हणाल्या, "तुम्हाला एवढीच उत्सुकता असेल तर आमच्याकडेच एक अभ्यास चालू आहे. तुमच्यासारख्या आजारांत लसीचं संरक्षण किती टिकतं यावरच. मिनलला भेटा."

हा अभ्यास चार खोल्यांपलीकडे चालला होता आणि आपण पशुसंवर्धन खात्यापर्यंत जाऊन आलो, हे मनात येऊनही ओव्हाळ लंगडत लंगडत विजयी चेहऱ्याने मिनलच्या टेबलापाशी पोचले. अखेर मोजणारी माणसं भेटली होती! मिनल ही अभ्यासाची सगळी कागदपत्रं सांभाळणारी, चष्मेवाली, नीटनेटकी मुलगी. तिने एकोणीस पानांचं संमतिपत्र पुढे ठेवलं. ओव्हाळांनी ते सगळं वाचलं, सातव्या पानावरची छपाईची चूक दाखवली, आणि सही करायला पेन उचललं. ते बोटांत राहीना.

"काका, हात असे कशाने झाले?" मिनलने विचारलं.

ओव्हाळांनी खरं सांगितलं. नोंदवहीत खोटा आकडा लिहिणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

मिनलने हळूच संमतिपत्र परत ओढून घेतलं. "सॉरी काका. औषधं तीन महिने एकसारखी चालू असावी लागतात. अशात तुम्हाला घेता येणार नाही."

"म्हणजे मी रिजेक्ट?"

"सध्या."

ओव्हाळ रिक्षाने घरी आले. एकतीस वर्षं त्यांनी लाल रॅकमध्ये वस्तू ठेवल्या होत्या. त्या रॅकमध्ये बसल्यावर कसं वाटतं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

आणि नेमक्या त्याच रविवारी दादासाहेब भालेराव दारात उभे राहिले. सनीचे वडील, देहूरोडचे, भरदार मिशांचे, बोलायला सरळ. सोबत त्यांची पत्नी रंभाबाई. अडीच महिने 'तांत्रिक कारण' ऐकून त्यांचा धीर सुटला होता.

"जय भीम, ओव्हाळसाहेब."

"जय भीम," ओव्हाळ म्हणाले. पण हात शालीखालीच ठेवला. बोटं दाखवायची त्यांना लाज वाटत होती. दादासाहेबांनी ते पाहिलं. चहा आला. ओव्हाळांनी कपाला हात लावला नाही. धरता आलाच नसता. दादासाहेबांनी तेही पाहिलं आणि स्वतःचा कप खाली ठेवला.

"साहेब, सरळ बोलतो. पोरगी द्यायची नसेल तर तसं सांगा. आमच्या सनीत काही खोट निघाली असेल तर तीपण सांगा. पण हे तांत्रिक कारण काय असतं? लग्न आहे का मशीन?"

दिव्या आतल्या दारात येऊन उभी राहिली. ओव्हाळांनी इतके दिवस पाठ केलेलं शास्त्रीय वाक्य सुरू केलं. तेवढ्यात रंभाबाई पुढे वाकल्या. त्यांचं लक्ष शालीच्या काठाकडे होतं.

"भाऊ, हात बघू," त्या म्हणाल्या. ओव्हाळांनी नाइलाजाने हात बाहेर काढले. रंभाबाईंनी एकच नजर टाकली. "सोमवारची गोळी सोडली का हो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी बारा वर्षं खाते ती. माझी गुरुवारची." त्यांनी स्वतःची बोटं पुढे केली, दोन पेरं जराशी वाकडी, बाकी हात कामाचा. "मीपण एकदा सोडली होती. यांच्या बहिणीनं सांगितलं म्हणून. महिनाभर केस विंचरता आले नव्हते."

मग ओव्हाळांनी सांगितलं. लस, मुदत, म्हैस, रेघ, सगळं. दादासाहेबांच्या मिशा म्हशीपर्यंत गंभीर होत्या, नंतर थरथरायला लागल्या. पण ओव्हाळ थांबले नाहीत.

"गेल्या वर्षी ते अकरा दिवस... ही दिव्या बाकावर बसून असायची, आणि मला काचेतून तिचा नुसता दुपट्टा दिसायचा. बोलता येत नव्हतं. तेव्हा एकच विचार होता डोक्यात. हिच्या लग्नात मला स्टेजवर उभं राहायचंय. हार घातलेल्या फोटोत नाही." त्यांनी हात पुन्हा शालीखाली घेतले. "तेवढ्या एका दिवसाची खात्री कुणी लिहून देतं का, ते बघत होतो. बाकी काही नाही."

आम्रपालीबाईंनी उगाच ट्रेमधले कप इकडचे तिकडे केले.

"मला बारा वर्षांत कुणी लिहून दिलं नाही, भाऊ," रंभाबाई म्हणाल्या. "डॉक्टर बोलावतील तेव्हा जायचं, दंड पुढे करायचा. गर्दीत मास्क लावते. ताप आला तर घरी काढे करत बसत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठते. एवढं करून अकरा लग्नं जेवले. तुमच्या घरचं बारावं."

"आणि तारीख मी सांगते," दिव्या दारातूनच म्हणाली. "फेब्रुवारीचा दुसरा रविवार. हॉल मोकळा आहे, मी आणि सनीने कालच विचारलं. पप्पांची बोटंही तोवर बरीच वळतील म्हणाल्यात डॉक्टर. मला तुमची खात्री नकोय, पप्पा. तुम्ही पाहिजे."

दादासाहेबांनी खाली ठेवलेला कप उचलला आणि ओव्हाळांचाही उचलून त्यांच्या तोंडाशी धरला. ओव्हाळ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून चहा प्यायले. गार झाला होता, पण त्यांनी तक्रार केली नाही.

एकदा तारीख ठरल्यावर ओव्हाळांचा आत्मविश्वास असा परतला की घरच्यांना धडकी भरली. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडतात की नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं. न उघडणाऱ्या तीन खिडक्यांना तेल घातलं. खुर्च्यांच्या रांगांत किती अंतर हवं ते फरशीवर खडूने आखलं. 'सर्दी-खोकला असल्यास आशीर्वाद फोनवरून द्यावेत' अशी ओळ पत्रिकेत छापायला आम्रपालीबाईंनी साफ नकार दिला, तेव्हा ती त्यांनी दोनशे जणांना तोंडी सांगितली.

ती ऐकूनही उद्धवराव आले. लाल नाक, पाणावलेले डोळे, आणि हातात भलामोठा आहेर. "सर्दी न्हाई साहेब, धूळ हाय," ते म्हणाले. ओव्हाळांनी त्यांना शेवटच्या रांगेत, उघड्या दाराशी, पंख्याच्या उलट्या अंगाला बसवलं.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. पांढऱ्या साडीतली दिव्या, पांढऱ्या सदऱ्यातला सनी. मग वधूने प्रतिज्ञा घ्यायची वेळ आली. हॉलमध्ये चिडीचूप शांतता पसरली. दिव्याने माईक हातात घेतला, श्वास घेतला, आणि उद्धवरावांनी गेला अर्धा तास दाबून धरलेली शिंक सुटली. स्टेजवरच्या मेणबत्त्या विझाव्यात अशी.

पाचशे माणसांपैकी एकानेही उद्धवरावांकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ओव्हाळांकडे पाहिलं. त्यांच्या लसीची कथा एव्हाना पुनावळ्यापासून देहूरोडपर्यंत सगळ्यांना पाठ होती. रंभाबाईंनी स्वतःचा मास्क नाकावर ओढला आणि भुवया उंचावून त्यांना विचारलं: काय?

ओव्हाळांनी मास्क नीट केला, छाती पुढे काढली, आणि मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिव्या, बोल बेटा. चालू दे."

पुढे चौदा दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ ताप मोजला. काही झालं नाही. ते लसीमुळे, खिडक्यांमुळे, मास्कमुळे की निव्वळ नशिबाने, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि प्रथमच ओव्हाळांनीही विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, सलग तीन महिने गोळी घेऊन, ते मिनलच्या टेबलाशी पुन्हा हजर झाले. या वेळी सोबत रंभाबाई होत्या. त्यांनाही अभ्यासात घ्यायचं होतं. मिनलने दोघांची नावं लिहून घेतली, सह्या घेतल्या आणि रक्त घ्यायच्या आधी एक अट सांगितली. दर सहा महिन्यांनी यायचं, पण तुमचा आकडा तुम्हाला कळणार नाही. तसा नियम आहे.

"कळणार नाही?" ओव्हाळांचा आवाज चढला. "माझंच रक्त, आणि मलाच नाही? मग कळणार कधी?"

"अभ्यास संपल्यावर. तीन वर्षांनी, सगळ्यांचे मिळून निष्कर्ष येतील." मिनलने चष्मा वर सरकवला. "आणि काका, एक विनंती. आधीच लोक कमी आहेत. मध्येच कुणी गळलं तर आमचे आकडे बिघडतात. तुम्ही तीन वर्षं नक्की असाल ना?"

रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओव्हाळांनी दंडावरची बाही एका झटक्यात वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"आकडे बिघडवणारा माणूस नाही मी," ते म्हणाले. "लिहा, नक्की."